कड्यावरचं दगडफूल

उबाल्दो कड्यावरून पडला त्याला वर्ष होत आलं होतं. तुटलेल्या दोराचा वरचा अर्धा भाग त्याच्या धाकट्या भावाच्या, फ्रोइलानच्या हातात राहिला. दोर घासून तुटू नये म्हणून खडकाच्या काठावर त्याच्याखाली बकऱ्याचं चामडं टाकायचं असतं. ते त्या दिवशी होतं की नव्हतं, यावर गोमेरा बेटावरच्या त्या लहानशा गावात अजून वाद चालत. उबाल्दोची बायको बाल्तासारा त्या वादात कधी पडली नाही.

हिवाळा लागला तशी ती नवा दोर खांद्यावर टाकून फ्रोइलानच्या दारात उभी राहिली.

"उद्या दगडफूल काढायला उतरतेय. दोर धरायला चल."

"वहिनी, गावात दुसरं कुणी मिळालं नाही?"

"मिळाले की. पण ते दोर धरून गप्पा मारतील. तू मारणार नाहीस."

कड्यावर त्याने काठावर एकाला दोन चामडी अंथरली, दोर खुंटीला बांधला, स्वतःच्या कमरेला गुंडाळला. ती खाली उतरली. समुद्राकडच्या अंगाला दगडफुलाचे राखाडी झुबके लोंबत होते. दिसायला अगदी म्हाताऱ्याची दाढी. दूरच्या शहरांतले रंगारी ते शिळ्या मुतात भिजवत आणि त्यातून जांभळा रंग काढत.

ती खालून शीळ घालून बोलू लागली. दऱ्याखोऱ्यांतून तिथली माणसं शिळेतच बोलतात.

"फ्रोइलान, बिशपसाहेबांच्या जांभळ्या झग्याचा वास घेतलायस का कधी?"

"कामाकडे बघ!" वरून शीळ आली. पण त्याला हसू फुटलं होतं.

पिशवी भरत आली तेवढ्यात वरून धोंडा सुटला आणि तिच्या मनगटावर आदळला. डावा हात निकामी झाला. उजव्याने खडक धरलेला, तो सोडून शिळेसाठी तोंडात बोटं घालणं शक्य नव्हतं. फ्रोइलानने शीळ घातली. उत्तर नाही. पुन्हा घातली. मग त्याने विचारलं नाही, ओढायलाच लागला.

ती काठावर आली तेव्हा त्याच्या तळहातांची सालटी निघाली होती.

"अरे, पिशवी खाली कपारीत अडकली! जरा थांबायचं होतंस."

तो खाली बसला आणि लहान पोरासारखा रडू लागला.  बाल्तासाराने शिदोरी सोडली. भाजलेल्या जवाच्या पिठात दूध ओतून एका हाताने गोळा मळला आणि अर्धा त्याच्यापुढे धरला.

"वहिनी, त्या दिवशी ते चामडं..."

"खा आधी."

"मला सांगायचंय गं."

"मला ऐकायचं नाही. ऐकलं तर उद्यापासून तुझ्या हातात दोर देता येणार नाही. आणि मला दुसरं कुणी नकोय."

त्याने घास तोंडात घातला. बराच वेळ तो नुसता चघळत राहिला.

मनगट बरं व्हायला महिना गेला. तोवर कपारीतली पिशवी वाऱ्याने फाटून अर्धी रिकामी झाली होती. उरलेलं तिने काढून आणलं. पुढे कितीतरी हिवाळे ती दोघं त्या कड्यावर जात राहिली. वर असताना दोघंही फारसं बोलत नसत. ती खाली उतरली की मात्र त्यांच्या शिळा पलीकडच्या डोंगरातल्या मेंढपाळांनाही ऐकू जात. त्यातलं बरंचसं भांडणच असे.