तिसरा पेड

“दोरी दोन पेडांची असते ना आजी, तशीच एक दोरी माणसाच्या पेशीत असते,” सांगलीचे डॉक्टर सांगत होते. नातवाच्या, मल्हारच्या दोरीत एका जागी तीच ती अक्षरं शेकडो वेळा आली होती. तिथं दोरी स्वतःवरच उलटून तिसरा पेड चढवते, पीळ अडकतो आणि अंगाला लागणारा एक जिन्नस पुरेसा तयारच होत नाही. एक दोष आईकडून, एक बापाकडून. एकट्या दोषानं कुणाचं बिघडत नाही, दोन्ही जुळले की पोराचा तोल जातो, पुढं काळीजही थकतं. मग त्यांनी विचारलं, आईवडील नात्यातले आहेत का?

शालूबाई काय बोलणार? सून क्रांती तिच्या सख्ख्या भावाची, भाऊसोची लेक. परकी आणून घर फोडायचं न्हाई, म्हणत तिनंच हट्टानं आणलेली, गावभर मिरवलेली. नातू मल्हार झोकांड्या खात घरी यायला लागला, तेव्हा शालूबाईनंच त्याच्या तोंडाचा वास घेतला होता. दारूचा वास आला नाही, तरी बोल लावायचा तो लावलाच. आता ते आठवलं की तिला स्वतःचीच शिसारी यायची.

पण रडत बसायला सवड कुठं होती? मल्हारची थोरली बहीण ओवी भाऊसोच्याच नातवाला द्यायची ठरली होती. रविवारी सुपारी फुटायची होती. शालूबाई एकटीच आटपाडीला माहेरी गेली. आधी दोघांचं रक्त तपासू, असं तिनं सुचवून पाहिलं. भाऊसोच्या अंगाचा तिळपापड झाला.

“माझ्या घराण्यात खोट काढतीस व्हय, आक्का?”

“तुझ्या न्हाई रं. आपल्या. मीबी त्याच घरातली.”

“मग माझी लेक नेताना कुठं गेलती ही अक्कल?”

घाव वर्मी बसला. “तवा ठावं नव्हतं. आता हाय. रक्त तपासायचं नसंल, तर पोरगी न्हाई देत मी.”

भाऊसो उठून आत गेला. भावजयीनं कुंकू लावलं, पण चोळीचा खण काही ओटीत पडला नाही. एसटीत ती पदराआड रडली. म्हातारपणी माहेर तुटल्याचं दुःख सांगायचं तरी कुणाला!

घरी मल्हार भिंतीला टेकून बसला होता. क्रांतीनं दोघांपुढं चहा ठेवला.

“ओवीचं मोडलं?” त्यानं अडखळत विचारलं.

“व्हय.”

“माझ्यापायी?”

“न्हाई रं सोन्या. माझ्यापायी.”

त्यानं कप उचलला. हात थरथरला, चहा अंगावर सांडत राहिला. शालूबाईनं पुढं केलेला हात मागं घेतला. उरलेला चहा तो सावकाश, आपल्या हातानं प्यायला.