पाणपोईनंतरचे अकरा किलोमीटर

प्राजक्तानं दुपट्टा हौदात बुचकळला आणि न पिळता तसाच डोक्यावर घेतला. गार पाणी मानेवरून थेट पाठीत उतरलं, आणि तिच्या तोंडून असा काही चीत्कार निघाला की पाणपोईवरचे चार-पाच जण वळून हसले.

"पियू नोको, पोरी," नत्थुजी म्हणाले. "हौदातलं अंगासाठी हाये. प्याचं माठात हाये."

"पिऊन नाही राहिली, आबाजी. मरून राहिली!"

नत्थुजी दर उन्हाळ्यात मुर्तिजापूरच्या अलीकडे, कडुनिंबाखाली ही पाणपोई लावत. येणाऱ्या प्रत्येक गाडीच्या सीटवर ते लोटाभर पाणी ओतत आणि वर ओलं पोतं पसरून देत. मे महिन्यात काळी सीट म्हणजे तवाच. आत्ताही कडुनिंबाखाली सात-आठ गाड्या उभ्या होत्या, सगळ्यांवर पोती, आणि सगळ्यांची माणसं पांढऱ्या दुपट्ट्यांत गुंडाळलेली. अकरा वाजले होते आणि अकोल्यात म्हणे पारा पंचेचाळीसवर गेला होता.

खरं तर बाबांबरोबर अमरावतीला जायला पहाटे पाचलाच पातूर सोडायचं ठरलं होतं. पण टायर पंक्चर निघालं, आणि उन्हानं त्यांना रस्त्यात गाठलंच. बाबांचे उन्हाचे नियम मात्र ठरलेले. पूर्ण बाह्यांचा शर्ट. गाडी पन्नासच्या वर न्यायची नाही, कारण या दिवसांत अंगावर येतो तो वारा नसतो, भट्टीची वाफ असते. आणि दुपट्टा ओला केला की एक मिनिट दवडायचं नाही, तो सुकायच्या आत पुढचं पाणी गाठायचं.

प्राजक्ताचं नियमांकडे लक्ष नव्हतं. ती मनात एक वाक्य घोकत होती. शाळेच्या स्नेहसंमेलनात सहाशे लोकांपुढे माईक हातात घेऊन धडाधड बोललेली पोरगी, पातूरपासून इथपर्यंत एका वाक्याची जुळवाजुळव करत होती! अमरावतीच्या मेडिकल-प्रवेशाच्या क्लासच्या होस्टेलमध्ये तिला दोन वर्षं राहायचं नव्हतं. डॉक्टर व्हायचं नव्हतं. बाबांच्या शेवंतीच्या वाफ्यांत ती वाढली होती आणि तिला शेतीचंच शिकायचं होतं, अकोल्यात राहून. हे अमरावती यायच्या आत बाबांना सांगायला हवं होतं. एकदा का त्यांनी तिथं सही केली, की संपलं.

हॉर्न वाजला. बाबा गाडीवर बसलेसुद्धा होते. तिनं गॉगल चढवला, सनकोटाची चेन ओढली, हातमोजे घातले आणि धावत जाऊन मागं बसली. गाडी निघाली.

पहिले दोन-तीन किलोमीटर तर स्वर्ग होता. ओल्या कपड्यातून येणारा वारा गार लागत होता. समोर रस्ता वितळल्यासारखा लकाकत होता, आणि बाबांची ओली पाठ समोर होती. त्यांचा चेहरा दिसत नव्हता, हेच बरं होतं. पाठीशी बोलणं सोपं असतं. तिनं डोळे मिटून घेतले.

"बाबा!"

पाठ ताठ झाली.

"बाबा, मले तिथं नोका सोडू."

तोंडावरच्या ओल्या कापडातून आवाज दबून निघाला, पण निघाला. गाडीचा वेग कमी झाला.

"काय म्हटलं?" पुढून आलेला आवाजही तसाच, गोधडीत तोंड घालून बोलल्यासारखा.

"मले नाही राहाचं तिथं! तुमी म्हणता म्हणून जाऊन राहिली मी. पण माह्यानं नाही होत."

एक ट्रक गरम झोत फेकत शेजारून गेला.

"कव्हापासून वाटते असं?"

"पहिल्यापासून. तुमी ठरवलं तव्हापासून."

"मंग बोलली काहून नाही?"

"तुमाले वाईट वाटलं असतं ना."

दुभाजक जिथं तुटला होता तिथं गाडी हळू झाली, आणि काही न बोलता वळली. चक्क वळली! अमरावती पाठीमागं गेली. प्राजक्ताला आधी खरंच वाटेना. एवढं सोपं असतं? मग तिनं हसत-ओरडत समोरच्या पाठीवर दोन्ही मुठींनी ढोल बडवला.

"बाबा, तुमी ग्रेट हा! बम ग्रेट!"

रेल्वेच्या पुलाखाली सावली होती. गाडी तिथं थांबली. समोरचे खांदे हलत होते. बाबा हसताहेत असं वाटून ती खाली उतरली, पुढं आली. त्यांनी दुपट्टा सोडला.

पिकलेल्या मिशा. हनुवटीवर जुना व्रण. आणि डोळ्यांतून पाणी.

प्राजक्ता मागं सरकली, आणखी मागं, पुलाच्या खांबाला पाठ लागेपर्यंत. तिनं गॉगल ओढून काढला, दुपट्टा काढला. आणि आता समोरचा माणूस तिच्याकडे तसंच पाहत होता, जसं तिनं त्याच्याकडे पाहिलं होतं.

"तू... सीमा कुठी हाये?"

"माहे बाबा कुठी हायेत?"

दोघं एकदमच बोलले.

माणूस आधी सावरला. तो गाडीपासून दूर जाऊन उभा राहिला, दोन्ही हात दिसतील असे. "भेऊ नोको, बाई. मी देवमन. अकोटचा. माही पोरगी होती संगं. तुह्यासारखाच कोट, तुह्यासारखाच दुपट्टा. तुह्या बाबाची गाडीबी माह्यासारखीच असन." त्यानं खिशातून मोबाईल काढला आणि हात लांब करून तिच्याकडे धरला. "लाव तुह्या बाबाले."

सहाव्यांदा लावल्यावर फोन उचलला गेला.

"बाबा, मी प्राजक्ता!"

"कोण प्राजक्ता? प्राजक्ता तर माह्या मांगं बसून हाये."

"बाबा, ती मी नाही!"

फोनमध्ये नुसता वारा. मग ब्रेकचा आवाज. मग बाबांचा घाबरलेला, एकदम अदबीचा झालेला आवाज, दुसऱ्याच कुणाशी बोलणारा, "ताई... आपण कोण?"

एरवी प्राजक्ता पोट धरून हसली असती.

ते येईपर्यंत देवमननं बाटलीतलं पाणी तिच्या दुपट्ट्यावर ओतून दिलं. स्वतःचा कोरडाठाक झाला होता, तिकडे त्याचं लक्ष नव्हतं.

"तुले कोण सासरी धाडून राहिलं, एवढ्याशा पोरीले?" त्यानं विचारलं.

"सासरी? मी दहावी झाली, काका! होस्टेलात चालली."

देवमन हळूच खाली, दगडावर बसला.

"होस्टेलात," तो म्हणाला. "म्हंजे सीमा काहीच नाही म्हणाली."

प्राजक्ताला आता कुठं उमगलं की आपण काय केलं होतं. आपण जे जे बोललो ते तिनं मनात पुन्हा ऐकलं, या माणसाच्या कानांनी.

"बडनेऱ्याले देली तिले," देवमन जमिनीकडे पाहत सांगू लागला. "दोनदा निघून आली. आज तिसऱ्यांदा पोहोचवाले निघालो. अकोटपासून एक शब्द नाही बोलली. मी वाटच पाहून राहिलो होतो का तिनं एकदा म्हणावं. एकदा म्हटलं का मी गाडी पलटवतो."

"मंग तुमीच काहून नाही इचारलं?"

तिच्या तोंडून निघून गेलं. आपण मोठ्या माणसाला हे विचारायला नको होतं, असं तिला लगेच वाटलं. देवमननं तिच्याकडे पाहिलं. पुलावरून मालगाडी जायला लागली.

बाबांची गाडी आली ती सत्तरच्या वेगानं. गाडी नीट उभीही न करता त्यांनी प्राजक्ताला दोन्ही दंडांना धरलं, वरखाली पाहिलं, मग देवमनकडे वळून हात जोडले.

"माफ करा, भाऊ. मी मांगं पाहिलंच नाही. अन् या ताईले मी सारे होस्टेलचे नियम सांगून राहिलो होतो. मोबाईल भेटणार नाही, रविवारीच घरी फोन... अन् ह्या नुसत्या हूं हूं करून राहिल्या."

कोणी हसलं नाही.

सीमा गाडीजवळच उभी होती. दुपट्टा, गॉगल, मोजे, सगळं तसंच. कापडाच्या त्या गाठोड्यात कोण आहे हे प्राजक्तालाही कळलं नसतं. देवमन तिच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"सीमा," तो म्हणाला. "तुले तिथं जायाचं हाये का?"

मोज्यातली बोटं एकमेकांत अडकली. सीमाची मान हलली. डावीकडे, उजवीकडे. एकदाच, आणि इतकी बारीक की दुपट्ट्याची घडीही मोडली नाही.

देवमननं सीटवर हात ठेवून पाहिला, भाजला, तसं उरलेलं सगळं पाणी सीटवर ओतलं. सीमा बसली. गाडी अकोल्याच्या दिशेनं गेली आणि रस्त्यावरच्या लकाकीत दिसेनाशी झाली.

"चाल," बाबा म्हणाले. "क्लासचे सर वाट पाहून राहिले असतीन. एक वाजेपर्यंत या म्हटलं होतं."

प्राजक्ता बसली नाही. ती गाडीला वळसा घालून समोर आली. आता समोर पाठ नव्हती. घामानं डबडबलेला, उन्हानं तांबडा झालेला बाबांचा चेहरा होता. पाठ करून ठेवलेलं वाक्य जागेवर नव्हतं. ते मघाशीच वापरून झालं होतं, दुसऱ्याच्या पोरीसाठी.

"बाबा, मले होस्टेलात नाही राहाचं. डॉक्टर नाही होयाचं."

आवाज किती बारीक निघाला. बाबांनी तिच्याकडे पाहिलं आणि चटकन तिच्या कपाळावर तळवा टेकवला.

"ऊन लागलं का वो तुले?"

"नाही."

त्यांनी हात काढून घ्यायला सुरुवात केली. प्राजक्तानं तो दोन्ही हातांनी पकडला, आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागली.