डेल्मरचं शून्य

"बेसवरच्या त्या दोघांपैकी आज कुणी होमला पोचलं ना, तर रन डेल्मरच्या नावावर जाईल हं. तुझ्या नाही," पोह्यांवर लिंबू पिळत सुप्रभा नवऱ्याला, इंद्रजितला, म्हणाली.

"मले माहीत आहे ना बाप्पा! वीस वर्षं खेळून राहिलो मी. आता तू मले नियम शिकवून राहिली का?"

"शिकवत नाहीये रे. स्कोअरबुक मी लिहिणार आहे, म्हणून सांगून ठेवतेय. मागाहून डेल्मरचं नाव दिसलं म्हणून तोंड पाडून बसायचं नाही."

तोंड पाडायला इंद्रजितला डेल्मर हे नाव पुरेसं होतं. डेल्मर जाऊन तीन आठवडे होत आले होते. मेलेल्या माणसाचा हेवा करू नये, हे काय कुणी सांगायला हवं? इंद्रजित रोज सकाळी दाढी करताना स्वतःला तेच बजावायचा आणि ऑफिसला पोचेपर्यंत पुन्हा जळायला लागायचा.

इंद्रजित मूळचा अमरावतीचा. कॉलेजात बेसबॉल खेळला, महाराष्ट्राच्या टीमकडून नॅशनलला गेला, एक पदक मिळवलं. ते पदक आता इंग्लंडमधल्या स्लाऊच्या फ्लॅटमध्ये पासपोर्टच्या डब्यात पडून होतं. आठवडाभर तो एका कंपनीत लोकांचे बंद पडलेले कॉम्प्युटर चालू करून द्यायचा आणि रविवारी हेरन्स नावाच्या छोट्याशा क्लबचा पहिला पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, व्हायचा. बॉल त्याच्या हातात आणि मॅच त्याच्या खांद्यावर, अशी चार वर्षं गेली. मग दीड वर्षापूर्वी कुठून तरी स्पॉन्सर मिळाला आणि क्लबने अमेरिकेहून एक पगारी पिचर आणला. वय सव्वीस, तिकडे खालच्या लीगमध्ये पैसे घेऊन खेळलेला. तोच डेल्मर. इंद्रजित बाकावर गेला.

बरं, माणूस तरी वाईट असावा! तेही नाही. घरी जेवायला आला, ठेचा खाऊन डोळ्यांतून पाणी काढलं आणि "वन मोअर, सुप्रभा" म्हणून पुन्हा ताट पुढे केलं. इंद्रजितला तो 'कोच' म्हणायचा. एका संध्याकाळी म्हणाला, कोच, तुझा तो स्लो बॉल मला शिकव ना. बॉल तळहातात खोल धरायचा, हात मात्र पूर्ण जोरात फिरवायचा. बॅट्समनला वाटतं बॉल सुसाट येतोय, आणि तो येतो रमतगमत आणि बॅटच्या आधी टपकन खाली बसतो. अमरावतीच्या मैदानावर दोन उन्हाळे घालवून इंद्रजितने तो कमावला होता. डेल्मरला त्याने तो तासाभरात शिकवला. महिन्याभरात इथल्या पेपरात 'डेल्मरचा ड्रॉप' म्हणून छापून आलं. ते कात्रण क्लबच्या भिंतीवर लागलं, आणि त्याखाली उभं राहून इंद्रजित चहा प्यायचा. तो बॉल माझा आहे म्हणून कुणाला सांगणार? आणि कोणत्या तोंडाने?

यंदाच्या मोसमात घरच्या मैदानावर डेल्मरने एकही धाव दिली नव्हती. एकही! जुलैतल्या त्या मॅचमध्ये हेरन्स दोन-शून्यने पुढे होते. नवांपैकी सातव्या डावात एक आऊट झाला होता, समोरच्यांचा एक गडी दुसऱ्या बेसवर, एक तिसऱ्या बेसवर, आणि पाऊस आला. मॅच थांबली, ती तीन आठवड्यांनी तिथूनच पुढे खेळायची ठरली. ते दोघे डेल्मरच्या बॉलवर तिथवर आले होते, म्हणून त्यांच्यातला कुणी होमला पोचून धाव झाली, तर ती त्याच्याच खात्यात जाणार होती. दोन दिवसांनी कालव्याच्या कडेने पळताना डेल्मर कोसळला. हृदयाचं काहीतरी जन्मापासूनच होतं म्हणे, कुणाला माहीत नव्हतं.

क्लबने त्याच्या नावाचा लाकडी बोर्ड करून घेतला. 'घरच्या मैदानावर दिलेल्या धावा' असं कोरून पुढची जागा मोकळी ठेवली. आकडा आजची मॅच झाल्यावर बसवायचा होता.

मैदानावर गेल्यागेल्या ग्रॅहमने इंद्रजितला बाजूला घेतलं. ग्रॅहम कॅप्टन, होमपाशी बॉल पकडणारा कॅचरही तोच, आणि धंद्याने प्लंबर, त्यामुळे बोलणं मोजकं. "आज जिंकून दे. मग मोसम संपेपर्यंत बॉल तुझा. नाहीतर कमिटी दुसरा पगारी आणायचं म्हणतेय."

इंद्रजित छत्तीसचा होता. पुन्हा अशी संधी येणार नव्हती, हे त्यालाही कळत होतं.

मॅच सुरू व्हायच्या आधी हेरन्सचे आठ जण आपापल्या जागी जाऊन उभे राहिले. पिचरचा मातीचा उंचवटा रिकामा. त्यावर फक्त डेल्मरची टोपी. मिनिटभर सगळं मैदान टोप्या काढून त्या टोपीकडे बघत राहिलं. खेळाडू गेला की बेसबॉलमध्ये ही रीतच असते. इंद्रजित रेषेबाहेर उभा होता. घ्या! दीड वर्ष वाट बघून आज जागा मिळाली, तर तिथेही हाच आधी येऊन बसलाय, असं त्याच्या मनात आलं. आणि लगेच स्वतःची लाजही वाटली.

मग त्याने जाऊन टोपी उचलली, ग्रॅहमच्या हातात दिली आणि बॉल घेतला.

"हे बघ," ग्रॅहम हळूच म्हणाला, "एक रन गेली तर जाऊ दे. आपण दोनने पुढे आहोत. टेक द शुअर आऊट, मेट."

सल्ला अगदी शहाणपणाचा होता. तेवढ्यात इंद्रजितच्या मनात एक विचार येऊन बसला. एक धाव जाऊ दिली तर त्याचं स्वतःचं काहीच बिघडत नव्हतं. उलट मॅच हातात राहणार होती. आणि त्या बोर्डावर शून्याच्या जागी एक बसणार होता. कुणी बोट दाखवू शकलं नसतं. गोड वाटला त्याला तो विचार, कशाला खोटं बोला!

दुसऱ्याच बॉलला बॅटची नुसती कड लागली आणि बॉल घरंगळत थेट इंद्रजितकडे आला. तिसऱ्या बेसवरचा गडी सुटला होमकडे.

"वन! वन!" ग्रॅहम ओरडला. म्हणजे पहिल्या बेसवर फेक, आऊट हमखास आहे.

इंद्रजितने बॉल उचलला. पहिला बेस समोर दिसत होता, तिथला हातमोजा उघडून तयार होता. पण तो पाय न सावरता गर्रकन वळला आणि सगळी ताकद लावून त्याने बॉल होमला फेकला. खांद्यातून कळ गेली. ग्रॅहमने कसाबसा बॉल पकडला आणि घसरत आलेल्या गड्याला टेकवला.

आऊट!

"वेडा आहेस का?" ग्रॅहमच्या तोंडून निघालं, पण तो हसत होता.

तीन आऊटला डाव संपतो, म्हणजे अजून एक हवा होता. खांदा ठणकत होता, जोराचा बॉल आता जाणारच नव्हता. इंद्रजितने बॉल तळहातात खोल धरला. पुढच्या बॅट्समनवर दोन स्ट्राइक कसेबसे मिळाले होते, तिसरा मिळाला की तो आऊट; तिसऱ्याला तोच टाकला, अमरावतीचा. रमतगमत गेला आणि टपकन खाली बसला. बॅट हवेत फिरली. डाव संपला.

मैदान उठून उभं राहिलं. "डेल्मर्स ड्रॉप!" कुणीतरी रडवेल्या आवाजात ओरडलं, आणि मग सगळेच ओरडायला लागले. "डेल्मर! डेल्मर!"

मेला तरी माझ्याच हाताने जिंकला बेटा, इंद्रजित मनात म्हणाला. राग आला होता की रडू, त्याचं त्यालाच कळेना.

नवव्या डावात खांद्याने साथ सोडली. बदली पिचर नव्हताच. तीन धावा गेल्या, तिन्ही इंद्रजितच्या नावावर, आणि हेरन्स तीन-दोनने हरले. ग्रॅहमने येऊन त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि उरलेल्या मोसमाबद्दल काही बोलला नाही.

सुप्रभा स्कोअरबुक मांडीवर घेऊन बसली होती. "पहिल्या बेसला का नाही फेकलास रे? मॅच गेली ना."

"काय माहीत."

"खरं सांग."

"तो मेल्यावर माझ्या हातानं त्याचं शून्य मोडलं असतं, तर मले जन्मभर गोड लागलं असतं ते." तो खांदा चोळत म्हणाला. "तेवढं नाही पाहिजे होतं मले."

तिने स्कोअरबुक मिटलं. मग म्हणाली, "तो बॉल तुझा होता. मी जाऊन सांगू त्यांना?"

"राहू दे."

क्लबच्या भिंतीशी शिडी लावून ग्रॅहम बोर्डावर लाकडी शून्य बसवत होता. शिडी हलायला लागली, तसा इंद्रजित उठला आणि डाव्या हाताने ती धरून उभा राहिला.

"सरळ आहे का, कोच?" वरून ग्रॅहमने विचारलं.

इंद्रजितने मान वर करून नीट पाहिलं.

"किंचित डावीकडे," तो म्हणाला. "अजून थोडं. हां, आता ठोक."