नेटिव्ह दिघोरी

घनश्यामला येणारे इंग्रजी शब्द सगळे कामातले होते. मोटर, पंप, स्टार्टर, युरिया. त्यांत एकच जास्तीचा होता, तो म्हणजे नेटिव्ह. हा शब्द त्याने पुण्याहून आणला होता. थोरली रिता तिकडे दिलेली. तिच्या सोसायटीत लिफ्टमध्ये जो भेटेल तो विचारायचा, "काका, तुमचं नेटिव्ह कोणतं?" पहिल्या दिवशी तो गांगरला. मग जावयाने सांगितलं की नेटिव्ह म्हणजे मूळ गाव. त्यानंतर मुक्काम हलेपर्यंत घनश्याम कुणी विचारायची वाटच पाहत नसे. लिफ्टचं दार बंद झालं की आपणच सुरू करायचा, "नेटिव्ह दिघोरी, तालुका लाखांदूर, जिल्हा भंडारा."

म्हणून धाकटी रुचिका लाखनीहून फोनवर रडवेल्या आवाजात म्हणाली, "बाबा, कुठीच जमून नाई राहिलं. साऱ्यायले नेटिव्हच पायजे," तेव्हा त्याला हसूच आलं.

"येवढंच ना? मंग त्यात रडाचं काय हाय? मी करतो ना."

"तुमी काय करसान बाबा?" असं ती विचारेपर्यंत त्याने फोन ठेवलासुद्धा.

रुचिका इंग्रजी घेऊन बी.ए. झाली होती आणि लाखनीला एका खासगी इंग्रजी शाळेत शिकवत होती. शाळा हायवेला लागून. ट्रक गेला की बाईंचा शब्द हवेतच राहायचा. तिच्या मनात परदेशात जाऊन शिकवायचं होतं. त्यासाठी तिने शाळा सुटल्यावर मोबाईलवर बसून एक कोर्स पुरा केला होता. ज्यांना इंग्रजीचा गंधही नाही त्यांना इंग्रजी कसं शिकवायचं, याचा तो कोर्स. त्याला टेफल म्हणतात. घनश्यामला ते नाव काही केल्या धरवेना. तो गावभर सांगायचा, "पोरीनं टेंभराचा कोर्स केला." एकदा आनंदाबाई, म्हणजे त्याची बायको, वैतागून म्हणाली, "अजी, टेंभरं जंगलात भेटतेत. तिनं टेफल केलं, टेफल." तो म्हणाला, "नाव कायबी असो, इमानात बसवते ना?"

शेजारच्या देवाजीला मात्र हे पटत नव्हतं. देवाजी पारावर बसून दुनियेच्या नोकऱ्यांचा हिशेब ठेवणारा माणूस. तो म्हणायचा, "घनश्याम, पोरीले बी.एड. करू दे. त्या कागदानं बाहेरदेशी कोण विचारते?" घनश्याम चारचौघांत त्याला उडवून लावायचा. पण घरी आल्यावर तोच प्रश्न त्याच्या डोक्यात घोळायचा.

आणि आणखी एक गोष्ट होती, जी त्याने बायकोलाही सांगितली नव्हती. पोरीच्या अर्जाला नकार आला की त्याला वाईट वाटायचं. मनापासून वाईट वाटायचं. पण त्या वाईटाच्या तळाशी थोडं बरंही वाटायचं, आणि त्या रात्री त्याला झोप चांगली लागायची. एक पोरगी पुण्याला गेली, ती दिवाळीला येते आणि दोन दिवसांत बॅग भरते. दुसरी समुद्रापलीकडे गेली तर सपरीत, घरापुढच्या पडवीत बसून चहा कोणासोबत प्यायचा? तरी फोनवर तो म्हणायचा, "घाबरू नको बेटा, पुढचं होईन." हे म्हणणंही खोटं नव्हतं. माणसाच्या मनात दोन्ही असतं.

तर नेटिव्हचं काम त्याने हातात घेतलं. धानाची रोवणी आटपली होती, बांधीत पाणी उभं होतं, माणूस मोकळा होता. तो ग्रामपंचायतीत गेला. ग्रामसेवक नव्हता. दुसऱ्या दिवशी गेला, तर शिक्का नव्हता. तिसऱ्या दिवशी ग्रामसेवक आणि शिक्का दोघेही सापडले आणि रुचिकाचा रहिवासी दाखला निघाला. पावसाने भिजू नये म्हणून घनश्याम मोटरसायकलने लाखांदूरला गेला आणि दाखल्याला लॅमिनेशन करून आणलं.

शनिवारी रुचिका घरी आली. तिने चप्पल काढायच्या आत त्याने तो चकचकीत दाखला तिच्या हातात ठेवला.

"घे. हे नेटिव्ह. आता कोण नाही म्हणते पाहू."

रुचिकाने वाचलं. सदर मुलगी मौजा दिघोरी येथील कायम रहिवासी आहे. ती आधी हसली. पोट धरून, भिंतीला टेकून हसली. आनंदाबाई आतून पाहायला आली, तोपर्यंत हसता हसता पोरगी रडायला लागली होती.

"बाबा, ते नेटिव्ह नाई. त्यायले जन्मापासून इंग्रजी बोलणारे लोक पायजे. गोऱ्या देशाच्या पासपोर्टवाले. माझं इंग्रजी कसं हाय ते कोणी आयकूनच नाई राहिलं. पासपोर्ट पाह्यला का पुढं सरकते."

घनश्याम त्या चकचकीत दाखल्याकडे पाहत राहिला. तीन दिवस आपण कशासाठी खेपा घातल्या हे त्याला कळलं आणि लाज वाटली. लाजेच्या भरात तो जरा मोठ्यानेच बोलला, "मंग हा कोर्स कायले केलास? देवाजी म्हणते तेच खरं का मंग?"

"कोर्स नसता तर कोणी अर्ज उघडूनबी नसता पाह्यला बाबा. कोर्सानं दारावरची बेल वाजवता येते. दार उघडाचं का नाई, ते आतले लोक ठरवते."

मग डोळे पुसून तिने सांगितलं की एक दार अजून बंद झालेलं नाही. व्हिएतनाममधल्या एका लहान गावातली शाळा आहे. पगार गोऱ्यांपेक्षा कमी देतात, पण पासपोर्ट पाहून हाकलत नाहीत. आधी शिकवून दाखवा म्हणतात. उद्या दुपारी मोबाईलवर पंधरा मिनिटांचा धडा घ्यायचा आहे. लाखनीच्या खोलीवर ट्रकांचे हॉर्न ऐकू येतात, म्हणून ती इकडे आली होती. हे शेवटचं. हे नाही झालं तर विषय संपला, देवाजीकाका म्हणतात तसं बी.एड.

रविवारी दुपारी सपरीत टेबल लावलं. नेटवर्क तिथेच पकडायचं. तांदळाच्या डब्याला मोबाईल टेकवून ठेवला. घनश्यामकडे कोंबड्या हाकलायचं काम होतं. आनंदाबाईला भांडी न वाजवण्याची ताकीद होती. मोबाईलवर मिस लिन नावाची बाई आली. चष्मा, आखूड केस, बोलणं मऊ. ती काहीतरी बराच वेळ बोलली आणि रुचिकाचा चेहरा उतरला.

"काय झालं?" घनश्यामने खुणेने विचारलं.

"त्यांच्या शाळेतला एक माणूस विद्यार्थी होऊन बसणार होता. तो आज आलाच नाई. बाई म्हणते, घरी कोणी असन का, इंग्रजी अजिबात न येणारं?"

आनंदाबाई दारातूनच म्हणाली, "मी नाई बाप्पा!" आणि आत पळाली. राहिला घनश्याम. त्याच्या अंगात बनियन होती. त्याने खुंटीवरचा शर्ट घातला, एक बटन चुकलं, आणि शाळेत पहिल्यांदा बसवलेल्या पोरासारखा तो खुर्चीच्या कडेवर बसला. मिस लिनने हसून त्याला काहीतरी विचारलं. त्याला एकही शब्द कळला नाही. पण अनोळखी माणूस पहिल्यांदा काय विचारतो हे त्याला पुण्यापासून ठाऊक होतं. तो ताठ होऊन म्हणाला, "नेटिव्ह दिघोरी, तालुका लाखांदूर, जिल्हा भंडारा!"

रुचिकाने कपाळाला हात लावला. मिस लिन मात्र मनापासून हसली आणि सुरू करा म्हणाली.

त्या क्षणापासून घनश्यामची पोरगी वेगळीच झाली. तिने मराठी बंदच केली. कोर्सात तसं शिकवलं होतं की शिकणाऱ्याच्या भाषेतला एकही शब्द वापरायचा नाही, सगळं वस्तूंनी आणि हातांनी समजवायचं. तिने तांब्या उचलला, पाणी ओतून दाखवलं आणि म्हणाली, "धिस इज वॉटर." त्याच्याकडे हात केला. तो म्हणाला, "धिस इज वाटर." तिने कोंबडी दाखवली. "धिस इज अ हेन." तोही म्हणाला. मग तिने तांब्या त्याच्या नाकासमोर धरला आणि अगदी गंभीर चेहऱ्याने विचारलं, "इज धिस अ हेन?"

घनश्याम खो खो हसला. "नो, नो! वाटर!"

म्हणजे तिने विचारलं आणि आपण उत्तर दिलं. इंग्रजीत. त्याचं त्यालाच नवल वाटलं. पुढे तिने आईला दारात उभं केलं आणि "माय मदर" शिकवलं. स्वतःच्या छातीवर हात ठेवून "डॉटर" शिकवलं. खडू हातात घेऊन भिंतीवर लिहिण्याचा अभिनय केला, "टीचर." ती भराभर पुढे जात नव्हती. तो चुकला की चेहरा न पाडता पुन्हा म्हणायची, आणि तो बरोबर म्हणाला की तिचे डोळे असे उजळायचे की त्याला आणखी काहीतरी बरोबर म्हणावंसं वाटायचं.

मग तिने हातातलं सगळं बाजूला ठेवलं. स्वतःकडे बोट केलं, त्याच्याकडे हात पसरला आणि गप्प झाली. आता त्याने आपल्या मनाने वाक्य करायचं होतं. मिस लिन पेन हातात घेऊन पुढे वाकली.

घनश्यामला वाक्य येत होतं. धिस इज माय डॉटर. जिभेवर आलं होतं. आणि नेमकं तेव्हाच त्याला दुसरंही कळलं. आपण बोललो तर पोरगी जाते. नाही बोललो तर राहते. कुणाला काही कळणार नाही. अडाणी बाप, त्याला नाही आलं, एवढंच म्हणतील. पोरगी रडेल चार दिवस, मग बी.एड. करेल, लाखनीत नाहीतर साकोलीत लागेल, शनिवारी घरी येईल. त्याने तोंड मिटून घेतलं.

पंखा फिरत होता. रुचिका थांबली होती. तिने पहिला शब्द सुचवला नाही, ओठ हलवून दाखवले नाहीत, हातानेही पुढे ढकललं नाही. घड्याळाकडे पाहिलं नाही. ती फक्त त्याच्याकडे पाहत होती, अगदी शांतपणे, जणू त्याला येणारच आहे आणि तिला कसलीच घाई नाही. आनंदाबाईने दारात पदर तोंडाशी धरला.

"धिस इज माय डॉटर," घनश्याम म्हणाला. मग कुणी न सांगता, "धिस इज टीचर."

"शी इज अ टीचर," रुचिका हळूच म्हणाली.

"शी इज अ टीचर," तो म्हणाला.

गुरुवारी संध्याकाळी तिचा फोन आला. नोकरी मिळाली होती. लहान मुलांचा वर्ग, दिवाळीनंतर जायचं. मिस लिनने लिहिलं होतं की कोर्स केलेले शेकड्याने येतात. तुमचाही आहे म्हणून तुम्हाला बोलावलं. पण विद्यार्थी अडला की बहुतेक जण घाबरून स्वतःच उत्तर देऊन टाकतात. तुम्ही थांबलात. रुचिका फोनवर हसत होती, रडत होती, आणि पुन्हा पुन्हा म्हणत होती, "बाबा, तुमच्यानंच झालं." घनश्याम म्हणाला, "लय चांगलं झालं बेटा," आणि फोन आनंदाबाईकडे दिला.

देवाजीला त्याने दुसऱ्या दिवशी पारावर सांगितलं. देवाजी म्हणाला, "म्हणजे त्या कागदानं काम झालं म्हण की." घनश्यामने नुसतंच "झालं" म्हटलं. एरवी तो तासभर बोलला असता.

संध्याकाळी आनंदाबाई सपरीत तांदूळ निवडत बसली होती. तो शेजारी येऊन बसला. मग ती सुपातून वर न पाहता म्हणाली, "अजी, त्या दिवशी तुमी इतका वेळ मुके काहून झाले होते? इसरले होते का?"

"नाई. पाठ होतं."

तिचा हात थांबला. "मंग?"

"नाई बोलाचं ठरवलं होतं. म्हटलं, नाई बोललो तर पोरगी घरी राहते."

आनंदाबाईने सूप खाली ठेवलं. ती त्याच्यावर चिडली नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, कारण दारात उभं राहून त्या वेळी तिनेही तेच मागितलं होतं.

"मंग बोलले काहून?" तिने विचारलं.

"मी नाई बोललो आनंदा," घनश्याम म्हणाला. "तिनं शिकवलंच असं, का माह्या तोंडातून निघूनच गेलं."