कापायचा पूल

राज्याकडे पाठवायच्या कामांच्या यादीत एक बकरा ठेवावाच लागतो, हे इंजिनिअरबाईला नगरपालिकेत नोकरी लागली त्याच वर्षी साहेबांनी शिकवलं होतं. वरच्या मंडळींना काहीतरी कापल्याशिवाय घास गिळत नाही. मग आपणच एखादं काम त्यांच्या सुरीखाली सरकवायचं, म्हणजे पाण्याची टाकी आणि गटारं वाचतात. बाईनं नाल्यावरचा पादचारी पूल निवडला. दरवर्षी तो वरच्या वर कापला जाई, बाकीची कामं सुखरूप परत येत, आणि बकरा नामी शोधलात म्हणून साहेब बाईची पाठ थोपटत.

नाल्यापलीकडे बाईची आत्या राहायची. एकटी, गुडघ्यांनी बेजार, पण जिभेला धार अशी की भाजीवाला भाव सांगायच्या आधीच उतरवायचा. पलीकडच्या वस्तीला दवाखान्यात यायचं तर पाण्याच्या जाड पाइपवरून तोल सांभाळत यायचं, नाहीतर लांबचा वळसा. पूल यादीत आहे हे बाईनंच एकदा हौसेनं सांगितलं, वर नकाशाची प्रतही दिली. आत्यानं ती वस्तीभर मिरवली. आता यात खोटं काय होतं? यादीत तर तो होताच.

यंदा मात्र राज्यानं निम्मा निधी छाटला आणि कळवलं, काय काढायचं ते तुमचं तुम्ही संध्याकाळपर्यंत ठरवा. साहेब निवांत. पूल काढा, बाजारातलं गटार पुढे ढकला, झालं! बाईनं यादी उघडली आणि हात अडला. इतकी वर्षं सुरी वरच्यांच्या हातात असायची, यंदा ती तिच्या हातात आली होती. ती उठली, पाणी प्यायली, खिडकीशी गेली, परत येऊन बसली. पुलाऐवजी काय काढणार? टाकीचा पंप शेवटच्या घटका मोजतोय. तो बसला तर अख्खं शहर कोरडं. हिशेबात कुठे खोट नव्हती, तरी जीव थाऱ्यावर येईना. त्यात सकाळीच आत्याचा फोन येऊन गेलेला, ये एकदा, तुला गंमत दाखवायचीय. शेवटी साहेबांना साइटवर जाते असं सांगून ती निघाली.

गंमत अशी की आत्याच्या स्वयंपाकघराला मागची भिंतच नव्हती. विटा अंगणात रचून ठेवलेल्या, शेगडी बाहेरच्या खोलीत, आणि नाल्याचा वास थेट घरात. आत्या खुशीत होती. नकाशात पुलाचा उतार इथूनच येतो ना, मग ऐनवेळी सरकारी माणसांनी आदळआपट करण्यापेक्षा गवंडी लावून तिनं भिंत आधीच नीट उतरवून घेतली होती.

बाईनं नकाशा हातात घेतला. उतार खरंच आत्याच्या भिंतीतून जात होता. उतार कुठे येतो हे तिनं कधी पाहिलंच नव्हतं. दुसऱ्याच एका पुलाचं चित्र उचलून तिनं इथे चिकटवलं होतं. जरासं बाजूला सरकवलं असतं तर मोकळी जागा पडलेली होती. पण होणारच नाही त्या पुलासाठी डोकं कोण शिणवणार?

"नकाशा तू काढलायस म्हणजे विचार करूनच काढला असशील," आत्या म्हणाली. "म्हणून मी कुरकुर केली नाही."

बाईनं दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा भलतंच बोलली. बस म्हटलं तरी बसेना. मग उभ्या उभ्याच तिनं सगळं सांगून टाकलं. पूल कापण्यासाठीच यादीत घालत होते, अगदी पहिल्यापासून. आणि टाकीचा पंप वाचवायला आज तो मीच काढणार आहे. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की आत्याच्या तोंडाकडे बघवेना.

आत्या ओट्यावरची विटांची धूळ पुसायला लागली.

"पंप खरंच लागतो?"

"लागतो, आत्या."

"मग काप. पण पुढच्या वर्षी यादीत घालू नकोस. यादीत असला की माणूस वाट बघतो गं."

भिंत मी बांधून देते, असं बाई म्हणायला गेली. आत्यानं हातानंच तिला थांबवलं. तेवढ्यात पर्समधला फोन वाजायला लागला. साहेब होते. बाई फोन घेऊन अंगणात निघाली.

"इथेच उचल," आत्या म्हणाली. "माझ्यासमोर सांग त्यांना."

बाईनं फोन कानाला लावला आणि सांगितलं, "पूल काढतेय, साहेब. आणि पुढच्या वर्षी तो यादीत घालणार नाही."