सात दिवसांत एक शुक्रवार

"वह्या घरीच असतील ना, केसरीनाथभाऊ?" धनेश सरांनी तिसऱ्यांदा विचारलं.

चहा त्यांनी अर्धाच प्यायला होता. येताना सफरचंदं आणली होती. माझी बायको विनिता काविळीने जाऊन सहा महिने झाले होते. कॉलेजात सरांच्या प्रयोगशाळेत तिने अकरा वर्षं सहायक म्हणून काढली, आणि हा माणूस दहाव्याला आला नव्हता, तेराव्यालाही नाही. आता भिवंडीहून मानकोलीला स्वतःची गाडी काढून आला होता. मी विजेच्या मोटारींचं रिवाइंडिंग करतो, जळलेली तार काढून नवी गुंडाळतो. गिऱ्हाईक फार गोड बोलायला लागलं की मोटार त्यानेच जाळलेली असते, एवढं मला तीस वर्षांत कळलंय.

"कंच्या वह्या?" आतून माझी बहीण आक्का म्हणाली.

"रीडिंगच्या. आजारपणात ताई उतरून काढायला घरी घेऊन आल्या होत्या."

"मेलेल्या मानसाच्या वह्या कशाला लागतात?"

सर माझ्याकडे वळले. मला म्हणाले, "आपला लेख परदेशातल्या एका जर्नलला पाठवलाय. फक्त डायइलेक्ट्रिक पदार्थांवरचं जर्नल आहे. त्यांच्या परीक्षकाने रोजची रीडिंगं मागितलीत."

डायइलेक्ट्रिक म्हणजे काय ते विनिताने मला एकदा जेवताना सांगितलं होतं. वीज स्वतःतून जाऊ देत नाही, पण आत धरून ठेवतो, असा पदार्थ. "तुमच्यासारखा," ती म्हणाली होती. "बोलून टाकत न्हाय, साठवून ठेवता." सरांच्या प्रयोगशाळेत शर्टाच्या बटणाएवढ्या पांढऱ्या गोळ्या करायचे. त्या ओव्हनमध्ये तापवायच्या आणि त्या किती वीज धरतात ते रोज मोजून लिहायचं. मोजायचं काम तिचं.

"लेखात ताईंचं नाव दुसरं आहे," सर म्हणाले. "माझ्या लगेच नंतर. लॅब असिस्टंटचं नाव कोणी घालत नाही, भाऊ. आणि जर्नल साधं नाही. इम्पॅक्ट फॅक्टर एक पॉइंट सहा."

"म्हंजे?"

"म्हणजे त्यात छापलेल्या लेखांचा दाखला दुसरे लोक सरासरी किती वेळा देतात, त्याचा आकडा. हल्ली प्रमोशन त्याच्यावर, कॉलेजचं मूल्यांकनही त्याच्यावर."

"लेख खरा हाय का खोटा, ते कोन बघतो?"

"तेच तर परीक्षक बघतात," ते हसून म्हणाले आणि घड्याळ पाहिलं.

वह्या कपाटात तिच्या साड्यांखाली होत्या. मी म्हणालो, शोधतो, रविवारी या. लेखाची प्रत तेवढी ठेवून जा. प्रत ठेवताना त्यांनी जरा मागेपुढे केलं, तेही मी पाहिलं.

गाडी गेल्यावर आक्का पिशवी उचलून म्हणाली, "सफरचंदं कापू, का यांच्यात पन काय हाय?"

आमची मुलगी करिष्मा तेव्हा बारावी सायन्सला होती. संध्याकाळी तिने लेख समोर घेतला आणि एकेक ओळ मराठीत सांगू लागली. दुसऱ्या पानावर म्हणाली, "गोळ्या दीडशे अंशांवर सलग सात दिवस ठेवल्या. एकशे अडुसष्ट तास, मध्ये खंड न पडता."

"परत वाच."

तिने परत वाचलं.

सात दिवस म्हटले की त्यात एक शुक्रवार आलाच. तेव्हा भिवंडीत शुक्रवारी दिवसभर लाइट नसायची. लूम बंद, पिठाची गिरणी बंद, माझं दुकान बंद. कॉलेजात जनरेटर होता, पण त्याची वायर प्राचार्यांच्या केबिनपर्यंतच जायची. परदेशात बसलेल्या परीक्षकाला हे कुठून ठाऊक असणार? इथलं शेंबडं पोर सांगेल.

मी वह्या काढल्या. विनिताचं अक्षर सरळ, शाळेतल्यासारखं. प्रत्येक शुक्रवारी आकड्यांच्या बाजूला तिने लिहिलं होतं: लाइट सकाळी ७.१० ला गेली, संध्याकाळी ५.४० ला आली. ओव्हन थंड. रीडिंग बदललं. सरांना सांगितलं.

दर आठवड्याला नव्या गोळ्या, असं नऊ आठवडे. 'सरांना सांगितलं' नऊ वेळा.

लेखातल्या तक्त्यात शुक्रवारचे आकडेही गुरुवार-शनिवारच्या मधोमध बसतील असे, गुळगुळीत होते.

मी ओट्यावर बसून विचार केला. अकरा वर्षांत या माणसाने तिला बसायला धड खुर्ची दिली नाही, स्टुलावर बसून तिची पाठ गेली. आणि आता एकदम दुसरं नाव? उद्या कोणी चोरी पकडली तर विचारतील, रीडिंग कोणी घेतलं? हिने. आणि ही उत्तर द्यायला नाही. मी चुकत असेन. त्यांच्या मनात तिच्याविषयी खरंच काही चांगलं असेल. पण एकदा असं डोक्यात आल्यावर ते काही जाईना.

"पप्पा, पण मम्मीचं नाव छापून येईल," करिष्मा म्हणाली. "सगळ्या जगात." तिचे डोळे भरले होते. विनिता दहावी पास. तिचं नाव छापलेलं असं काही आमच्या घरात नव्हतंच. रेशनकार्डावर हाताने लिहिलेलं, मृत्यूच्या दाखल्यावरही हाताने.

रविवारी सर आले. मी वह्या मांडीवर ठेवल्या, हातात दिल्या नाहीत.

"शुक्रवारचं काय?" मी विचारलं.

त्यांनी वह्यांकडे पाहिलं. मग म्हणाले, "दहा तासांनी एवढं काय होतं हो?"

"गोळी थंड झाली की तिचा स्वभाव बदलतो, असं विनिता बोलायची. माझ्या भट्टीत वार्निश अर्धं सुकून लाइट गेली, तर मी त्या मोटारीची तार उकलून परत बांधतो. गिऱ्हाइकाला कळत न्हाय, तरी बांधतो."

"भाऊ, ओव्हन बंद पडला असं लिहिलं तर हे जर्नल लेख परत पाठवेल. बारक्या मासिकात येईल, पण ते कोणी वाचत नाही. त्याला इम्पॅक्ट फॅक्टरच नाही."

"मग बारक्यात घाला. खरं लिहा आनि तिचं नाव राहू द्या."

"माझी सहा वर्षं गेलीत या लेखात."

"मग तिचं नाव काढा."

सर माझ्याकडे पाहतच राहिले. "लोक नाव घालण्यासाठी पाया पडतात, आणि तुम्ही काढायला सांगता?"

"तो पाया पडनाऱ्यातला न्हाय," आक्का दारातून म्हणाली. "तू पेन काढ."

मी लेखाची प्रत पुढे केली. त्यांनी तिच्या नावावर रेघ मारली, खाली सही आणि तारीख घातली. ते रेघ मारत असताना मला वाटलं, त्यांचा हात धरावा. धरला नाही. करिष्मा उठून आत गेली.

"आणि वह्या?" सर म्हणाले. "वह्या कॉलेजच्या आहेत."

"मग कॉलेजचं पत्र आना. कशाला पायजेत, ते लिहून."

पत्र काही आलं नाही. पण त्या दिवशी चपला घालताना सर म्हणाले, "ताई असत्या तर त्यांनी असं केलं नसतं." तिला नाव हवं असेलही. मी तिला कधी विचारलं नव्हतं.

पुढच्या वर्षी करिष्मा मला अंजूरफाट्याच्या सायबर कॅफेत घेऊन गेली. त्या जर्नलचं पान उघडलं. सगळ्यात वर इम्पॅक्ट फॅक्टरचा आकडा होता, एक पॉइंट आठ झाला होता. खाली लेख. एकशे अडुसष्ट तास, खंड न पडता. सरांचं नाव, आणि आम्हाला माहीत नसलेली दोन.

"शेवटी आभार असतात, तिथं बघ."

"नाही."

"बारीक अक्षरात?"

"नाही, पप्पा. कुठंच नाही." मग ती हळू आवाजात म्हणाली, "आपण जर्नलवाल्यांना कळवायचं का?"

"वह्या हायत आपल्याकडं. कोन विचारायला आला तर दाखवू." मी खुर्ची पुढे ओढली. "आता नुसतं तिचं नाव टाकून बघ. पूर्ण."

करिष्माने एकेक अक्षर दाबत आईचं नाव टाकलं. मोटारीच्या पाट्या वाचण्यापुरतं इंग्रजी मला येतं. पान पांढरं आलं. या नावाचं काही सापडलं नाही, असं त्यात म्हटलं होतं.

"बरं झालं," मी म्हणालो.

"चाचा, टाइम हो गया," काउंटरवरचा माणूस म्हणाला.

"आधा घंटा और लगा दो."

करिष्माने काय शोधायचंय म्हणून विचारलं नाही. तिने कीबोर्डवरून हात काढून मांडीवर ठेवले. पडद्यावर वरच्या चौकोनात, आम्ही टाकलेलं विनिताचं नाव तसंच होतं. आम्ही दोघं ते बघत बसलो.