कान्हूच्या नावाचा भुंगेरा

मालिनी खासनीस पुण्याच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. १९५८च्या दिवाळीच्या सुट्टीत ती मुळशीच्या डोंगरातल्या एका देवराईत पाचोळ्यातले किडे गोळा करायला गेली. जवळच्या वाडीतला कान्हू वाट दाखवायला सोबत होता. दोघांनी कुजका पाचोळा चाळला, तेव्हा खालच्या पांढऱ्या फडक्यावर मोहरीएवढा तांबूस भुंगेरा पडला. कान्हू हसून म्हणाला, "एवड्याशासाठी पुन्यास्नं आलात व्हय, बाई?"

पुण्यात सूक्ष्मदर्शकाखाली तिला दिसलं, की त्याच्या पाठीवरची दोन्ही कवचं एकमेकांना चिकटलेली होती आणि खाली पंखच नव्हते. उडून दुसरं रान गाठणं त्याला शक्यच नव्हतं. ही जात आजवर कुणी नोंदवलेली नव्हती. पण हाती होता तो एकच नर. वर्णन पुरं करायला मादी हवी होती.

पुढच्या दिवाळीत ती पुन्हा गेली. खिंडीतून समोर पाहिलं, तर देवराईच्या जागी नुसते बुंधे आणि कोळशाच्या भट्ट्यांची काळी वर्तुळं. ती तशीच वाडीत आली. कान्हूची बायको कृष्णाबाई अंगणात नाचणी पाखडत होती.

"कान्हू आहे का घरी?"

"न्हाईत. गेलं."

"कुठं गेला?"

"मेलं, बाई. शिमग्याच्या आदी. देवाच्या रानातलंच झाड अंगावर पडलं." तिचं सूप थांबलं नव्हतं. "ठेकेदारानं बोकड कापला, म्हनला देवानं कौल दिला. घरधनी न्हाईच म्हनत हुतं. पर दुसरं काम कुटं हुतं?"

थोड्या वेळाने मालिनी चाळणी घेऊन वर निघाली, तर कृष्णाबाईही मागोमाग आली. उन्हाने माती भाजून कडक झाली होती. एका खडकाच्या आडोशाला थोडा पाचोळा उरला होता, तो मालिनीने चाळला. मुंग्या निघाल्या, बाकी राख. कृष्णाबाई एका बुंध्यापाशी बसून राहिली. कान्हूच्या अंगावर पडलेलं झाड हेच, हे मालिनीला विचारावं लागलं नाही.

मग तिने त्या एकाच नरावरून वर्णन लिहिलं. आतले अवयव पाहण्यासाठी त्याचं पोट उघडताना मागचा एक पाय तुटला. चित्रात तिने तो दुसऱ्या पायावरून काढला. जातीला तिने कान्हूचं नाव दिलं. त्याच्यासाठी आपल्याला एवढंच करता येईल, असं तिला वाटत होतं.

लेख छापून आल्यावर तो घेऊन ती वाडीत गेली.

"कृष्णाबाई, हे बघा. या भुंगेऱ्याला कान्हूचं नाव दिलंय. जगभर याच नावानं ओळखतील."

कृष्णाबाईने चित्राकडे पाहिलं.

"किड्याला? माज्या मान्साला किड्याच्या जल्माला घातलंत?"

"तसं नाही हो. हा मान असतो..."

"मी कंदी त्येंचं नाव तोंडातनं काडलं न्हाई. तुमी किड्याला दिलंत! खोडा ते."

"छापलेलं नाव बदलता येत नाही. नियमच आहे तसा."

"त्यो किडा कुटं हाय आता?"

मालिनीला खोटं बोलवेना. "पुण्याला, पेटीत. मेलेला आहे. टाचणीला लावून ठेवलाय."

"टाचनीला," कृष्णाबाई हळूच म्हणाली. तिने कोंबड्या घरात हाकलल्या आणि आतून कडी घातली. मालिनीने दोनदा हाक मारली. आतून कोंबड्यांचाच आवाज येत राहिला.

ती उतरून पौडला आली आणि मिळेल त्या गाडीने पुण्याला परतली. पुढे तिने आणखी काही जाती नोंदवल्या. त्यांना तिने रंगांची नावं दिली, गावांची दिली. माणसाचं नाव परत कधी दिलं नाही.